शिष्यवृत्ती पहिल्या वर्षी आली, दुसऱ्या वर्षी अडली. बडोद्यातल्या कुणाला अनुभव?

विश्वामित्रीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर डोकावून पसार होते, स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची थोरली २०२४ ला बारावी सायन्स झाली. पर्सेंटाइल ८८. सरकारी कॉलेजात हवी ती शाखा लागली नाही, म्हणून शहराबाहेरच्या एका सेल्फ फायनान्स कॉलेजात कॉम्प्युटरला घातली. ट्युशन फी ९६,०००. यजमान मकरपुरा जीआयडीसीत मशीनवर आहेत, माझे डबे आहेत, दोन्ही मिळून वर्षाचे पावणेचार लाख जेमतेम. पण तेव्हा मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचा फॉर्म भरला (इथे सगळे एमवायएसवाय म्हणतात) आणि निम्मी फी, म्हणजे ४८,००० मिळाले. उशिरा, मार्चमध्ये आले, पण आले. मी वेडी लगेच डब्यांच्या वहीत चार वर्षांचा हिशोब मांडून बसले. ४८ गुणिले ४, एक लाख ब्याण्णव. ते पान अजून वहीत आहे.

यंदा दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे फी १,०८,००० झाली. दुसरी म्हणजे रिन्यूअलचा कागद घ्यायला कॉलेजात गेले, तर खिडकीतल्या भाईंनी कागद काचेखालून माझ्याकडे सरकवला. हजेरीच्या रकान्यात निळ्या पेनानं ६६ लिहिलेलं. म्हणाले, "पंचोतेर जोईए, बेन." आणि पुढच्याला हाक मारली.

६६ का, तर २०२४ च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्रीचं पाणी आमच्याकडे समा भागात शिरलं होतं. तीन दिवस वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे काढले. पाणी उतरल्यावर गाळ उपसला, गाद्या फेकल्या, आणि तेवढ्यात पोरीला डेंग्यू. कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. मार्क मात्र चांगले आहेत, दोन्ही सेमिस्टरला ७० च्या वर.

मला विचारायचंय की हे ६६ म्हणजे संपलंच का? आणि पुढच्या दोन वर्षांचा काही भरवसा धरावा की नाही? यजमान म्हणतात सरळ लोन काढू. मला लोनची भीती वाटते.

---

हिशोबनीस

ताई, आधी पाणी प्या. आता सविस्तर सांगतो, अकाउंट्समध्ये चौतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे लांबण लागेल.

तुमच्या वहीतली चूक गुणाकाराची नाही, गृहीतकाची आहे. एमवायएसवाय चार वर्षांसाठी एकदाच मंजूर होत नाही. पहिल्या वर्षाच्या अटी वेगळ्या: बारावीला ८० पर्सेंटाइल आणि कुटुंबाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत. एकदा आत शिरलात की बारावीचे मार्क कुणी विचारत नाही. तिथून पुढे दरवर्षी मागच्या वर्षाचे किमान ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी, आणि दरवर्षी नवा फॉर्म. दारावरचा पहारेकरी बदलतो म्हणा.

दुसरं, फी. इंजिनिअरिंगला ट्युशन फीच्या निम्मे किंवा ५०,०००, यातलं जे कमी ते मिळतं. गेल्या वर्षी ९६ चे निम्मे ४८, ते मर्यादेत बसले. यंदा १,०८ चे निम्मे ५४, पण हात ५० वर थांबणार. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी तुमच्या खिशातून गेल्या वर्षी ४८ गेले ते यंदा ५८ जाणार. योजनेचा आकडा २०१५ पासून ५० आहे, फी मात्र चढते. सेल्फ फायनान्स कॉलेजांची फी राज्याची फी नियामक समिती तीन-तीन वर्षांच्या गटानं ठरवते. ॲडमिशन घेताना "या गटाचं कितवं वर्ष चालू आहे" हे विचारणारा एकही पालक मी अजून पाहिला नाही. मी स्वतःही विचारलं नव्हतं.

आता तुमचा खरा प्रश्न. ते ६६ कुठल्या सेमिस्टरचं? पूर आणि डेंग्यू दोन्ही पहिल्या सेमिस्टरात झाले. दुसऱ्याची हजेरी किती? मुलीला कॉलेजच्या पोर्टलवरून दोन्ही सेमिस्टरच्या तासांचे आकडे काढायला सांगा. टक्के नकोत, तास हवेत. किती झाले, किती बसली.

---

पाहुणा पुणेकर

माहितीपूर्ण. पण आमच्यासारख्यांसाठी: हे सगळं भरायला "आवकचा दाखला" लागतो असं दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं. आवक-जावक खात्यातून मिळतो का?

---

हिशोबनीस

हाहा. अहो, आवक म्हणजे उत्पन्न. तुमचा उत्पन्नाचा दाखला तो आमचा आवकचा दाखला. तुमचे तहसीलदार ते आमचे मामलतदार. बडोद्यातली मराठी माणसं घरात "उत्पन्न" म्हणतात आणि खिडकीपाशी पोचली की "आवक".

---

वाडीतला अभ्यासू

दाखल्याचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. यातून गेलोय.

२०१९ ला इंजिनिअरिंगला लागलो, एससी, फ्रीशिप कार्डावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिजिटल गुजरातवरून कार्ड निघतं, ते दाखवलं की कॉलेज ॲडमिशनच्या वेळी फी मागत नाही, मागाहून सरकारकडून येते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पहिल्या वर्षी एक रुपया न भरता वर्गात बसलो. आईनं पेढे वाटले.

दुसऱ्या वर्षात असताना, डिसेंबर २०२० मध्ये, केंद्रानं पोस्ट मॅट्रिकची (दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीची) पद्धतच बदलली. खर्चाची वाटणी ६०-४० झाली, केंद्राचे ६०, राज्याचे ४०. बदल चांगलाच होता, कारण त्याआधी बराचसा बोजा राज्यांवर पडायचा आणि काही राज्यांत शिष्यवृत्त्याच थकायच्या. आणि २०२१-२२ पासून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. पण आधी राज्यानं पडताळणी करून आपले ४० सोडायचे, मगच केंद्राचे ६० सुटतात. त्या वर्षी कॉलेज विचारतंय फी कुठे, आणि माझ्या खात्यात अर्धवट रक्कम. परीक्षेच्या हॉल तिकिटासाठी हमीपत्र लिहून दिलं होतं, तेही वडिलांच्या सहीनं. वडिलांनी सही करताना दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे भरायचं कुणी, आपण का सरकारनं?"

खरा फटका चौथ्या वर्षी बसला. आमच्याकडे आवकचा दाखला तीन वर्षं चालतो. इंजिनिअरिंग चार वर्षांचं. म्हणजे पहिल्या वर्षीच्या दाखल्यावर तीन वर्षं निघाली आणि चौथ्याला नवा काढावा लागला. दरम्यान वडिलांचा पगार महिना २१,००० झाला होता. करा गुणाकार. २,५२,०००. वरच्या दोन हजारांपायी अख्खं वर्ष गेलं. पगार वाढला म्हणून घरात पहिल्यांदाच कुणी नाराज झालं असेल. चौथ्या वर्षाची फी मामानं भरली, नोकरी लागल्यावर दीड वर्षात फेडली.

तेव्हा ताई, तुमच्या दाखल्यावरची तारीख आजच बघा. मुलीनं बारावीनंतरच्या ॲडमिशनला काढलेला असेल तर ठीक, पण अकरावीला कशासाठी तरी काढून ठेवलेला वापरला असेल तर तो मधेच मरतो.

---

तिरकस

धागा वाचून गंमत वाटली. ७५ टक्के हजेरीची अट सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असते. करदात्यांचे पैसे आहेत, नियम पाळा, मिळतील. यात चर्चा कसली?

---

मकरपुऱ्याचा मन्या

@तिरकस, भाऊ, पुराच्या पाण्याला पण सांगा ना नियम. ती नदी करदात्यांच्या सोसायटीतून मगरी घेऊन वाहत होती.

असो, कामाचं बोलतो. माझा भाचा बीएस्सीला आहे, त्याला केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती मिळते, ती एनएसपीवरून (राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून) भरायची. बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असायला लागतं आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. ही मर्यादा काही वर्षांपूर्वी ८ लाख होती, खाली आणली. त्याच्या वर्गातल्या एका पोराच्या मोठ्या भावाला मिळाली होती, धाकट्याला नाही, घर तेच. वर्षाला १२,००० येतात (आधी १०,००० होते). पदवी चार वर्षांची व्यावसायिक असेल तर चौथ्या वर्षाला २०,०००. इथे पण रिन्यूअलला ५० टक्के आणि ७५ टक्के, तेच.

तर पहिल्या वर्षी आले. दुसऱ्या वर्षी पोर्टलवर "पेमेंट झालं" दाखवतंय आणि पासबुकात दमडी नाही. आम्ही बँकेत दोनदा भांडून आलो. सात महिने. शेवटी एका काकांनी विचारलं, पोरानं मधे दुसरं खातं उघडलं का? उघडलं होतं! कॉलेजच्या गेटवर एका बँकेचा मांडव होता, खातं उघडा, बॅग मिळेल. बॅगेसाठी उघडलं आणि आधार तिथे जोडून दिलं. डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे शेवटचं आधार ज्या खात्याला जोडलंय तिथे जातात, फॉर्ममध्ये तुम्ही कुठला नंबर लिहिलाय ते राहतं बाजूला. १२,००० त्या खात्यात सात महिने निवांत पडून होते. बॅगेची चेन मात्र पहिल्याच आठवड्यात तुटली.

---

स्टेथोस्कोप

+१ हिशोबनीस यांच्या फीच्या मुद्द्याला. आमच्याकडे हे डॉक्टरकीच्या ॲडमिशनला डोळ्यांसमोर घडलं. २०२४ च्या जूनअखेरीला जीएमईआरएस या सरकारी संस्थेच्या मेडिकल कॉलेजांची (बडोद्यात गोत्रीला आहे) सरकारी कोट्याची फी ३.३० लाखांवरून ५.५० लाख जाहीर झाली. ओरड झाली, आणि जुलैत ती ३.७५ लाखांवर आली. मेडिकलला एमवायएसवायची मर्यादा २ लाख किंवा निम्मी फी, यातलं जे कमी ते. आता बघा: ३.३० ला घरचे १.६५. साडेपाचला निम्मे होतात पावणेतीन, पण मिळणार दोनच, म्हणजे घरचे साडेतीन. पावणेचारला घरचे एक लाख साडेसत्त्याऐंशी हजार. माझ्या मावशीच्या घरी तीन आठवड्यांत तीनदा वेगवेगळं बजेट झालं आणि या काळात योजनेच्या नियमातला एक शब्दही बदललेला नव्हता.

---

कलाभवन ८७

तिरकस यांच्या प्रतिसादावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण बडोद्यात बसून शिष्यवृत्तीबद्दल "नियम पाळा, मिळतील" असं कुणी म्हटलं की हात थांबत नाही.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला जायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या करारावर. तीन वर्षं संपली तेव्हा ते लंडनला पोचले होते, अभ्यास अर्ध्यावर होता. मुदत एक वर्ष वाढली आणि १९१७ ला थांबली. अभ्यास तसाच टाकून त्यांना परतावं लागलं. लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत यायची सवलत दिली आणि १९२० मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती नव्हती. साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे होते. मधल्या काळात बडोद्यात नोकरीला आले तेव्हा या शहरानं त्यांना राहायला जागा दिली नाही, ते वेगळंच. तेव्हा ते कामाठीबागेत ज्या जागी जाऊन बसले, तिला आता आपण संकल्पभूमी म्हणतो.

हे सांगायचं कारण, हुशारी कमी पडली म्हणून ती शिष्यवृत्ती थांबली नव्हती. मुदत संपली होती.

आता ताईंसाठी. एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) "प्रगती" शिष्यवृत्ती मुलींसाठी आहे, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. पण तिचा नवा अर्ज पहिल्या वर्षालाच करता येतो (डिप्लोमावरून आलेल्या मुलींना दुसऱ्या). तुमच्या मुलीचं ते वर्ष गेलं. वाईट वाटून घेऊ नका, हे कॉलेजनं सांगायला हवं असतं. मी शिकवत होतो तेव्हा आम्हीही नोटीस बोर्डावर एक कागद लावून हात झटकायचो.

---

तिरकस

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

विश्वामित्रीकाठची

सगळ्यांचे आभार. काल रात्री यजमानांना अख्खा धागा वाचून दाखवला. मन्यादादांच्या बॅगेवर ते पोट धरून हसले, मग पोरीच्या कपाटातली एक निळी बॅग माझ्यासमोर आणून ठेवली. तीच. तिनंही उघडलंय खातं! सोमवारी बँकेत जातोय.

दाखला बघितला, जून २०२४ चा आहे. म्हणजे अभ्यासूदादांसारखंच चौथ्या वर्षाला नवा काढावा लागणार.

हिशोबनीस काका, पोरीनं तास काढून दिले. पहिल्या सेमिस्टरला ३२० पैकी २१२. दुसऱ्याला ३३६ पैकी २९०.

---

हिशोबनीस

२१२ अधिक २९० म्हणजे ५०२. ३२० अधिक ३३६ म्हणजे ६५६. भागा. साडेशहात्तर टक्के.

ताई, त्या भाईंनी फक्त पहिल्या सेमिस्टरचा आकडा लिहिलाय. रिन्यूअल वर्षाचं असतं. हेच गणित एका कागदावर मांडा, दोन्ही सेमिस्टरचे पोर्टलचे प्रिंट जोडा, आणि खिडकीपाशी न जाता थेट विभागप्रमुखांकडे जा. त्यांची सही आणि शिक्का घेऊनच खिडकीपाशी या. भांडू नका. "साहेब, बेरीज राहिली वाटतं" एवढंच म्हणा.

आणि डॉक्टरांचे कागद, रिपोर्ट, जे असेल ते फाईलला ठेवा. लागणार नाहीत बहुतेक, पण ठेवा.

लोनबद्दल: पीएम विद्यालक्ष्मी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तारण लागत नाही. पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. नसेल तर साधं शैक्षणिक कर्ज. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि कोर्सला एनबीए किंवा कॉलेजला नॅकचं मानांकन असेल तर शिकत असतानाच्या काळातल्या व्याजाची केंद्राची सवलतही आहे, बँकेत मुद्दाम विचारा, स्वतःहून सांगत नाहीत. सगळी फी कर्जातून नका भरू. फक्त दरवर्षी उरणाऱ्या ५८ च्या भोकापुरतं घ्या.

---

वाडीतला अभ्यासू

काकांना साष्टांग. एक भर: मुलगा आदिवासी असेल आणि मॅनेजमेंट कोट्यातून ॲडमिशन घेत असाल तर जपून. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुजरातनं त्या कोट्यातल्यांची पोस्ट मॅट्रिक बंद केली. आधीच्या वर्षी त्याच कोट्यातून गेलेल्या ओळखीच्या मुलाला मिळाली, म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका. शेजाऱ्याचं वर्ष वेगळं असतं.

---

पाहुणा पुणेकर

वाचनखूण साठवली. अवांतर: बडोद्याला आलो तर सेवउसळ कुठे खावी?

---

मकरपुऱ्याचा मन्या

तुम्ही या तर खरं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, इथे लिहिला तर भांडणं होतील.

---

विश्वामित्रीकाठची

अपडेट. विभागप्रमुख बाई निघाल्या, चांगल्या होत्या. कागद बघितला, मोबाइलवर स्वतः भागाकार केला, काही न बोलता सही केली. खिडकीतल्या भाईंनी जुन्या ६६ वर आडवी रेघ मारली आणि शेजारी ७६.५ लिहिलं, त्यावर शिक्का. त्याच निळ्या पेनानं. "बेन, पहेलां केवुं जोईए ने," म्हणाले. मी म्हटलं, हां भाई.

फॉर्म गेला. स्टेटस पेंडिंग आहे. फीचा दुसरा हप्ता १५ तारखेला होता, तो माझ्या आवर्ती ठेवीतून भरला, ती मोडली. पैसे आले की परत टाकीन. बँकेत आधार जुन्या खात्याला जोडून घेतलं, बॅग तिला ठेवू दिली.

वहीत नवं पान केलंय. यंदा एका वर्षाचाच हिशोब मांडलाय, आणि वर मोठ्ठ्या अक्षरात तासांचे रकाने. पोरगी म्हणते आई, हे डब्यांच्या वहीत कशाला.

---

नवी सभासद

उशिरा लिहितेय. मुलगा डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढे डिग्रीला जायचंय. डिप्लोमाला एमवायएसवाय दहावीच्या पर्सेंटाइलवर मिळाली होती. तीच पुढे चालू राहते का? आणि आमचा दाखला येत्या ३१ मार्चला संपतोय.

---

हिशोबनीस

चालू राहत नाही, डिग्रीला नव्यानं अर्ज. डिप्लोमावरून जाणाऱ्यांना पर्सेंटाइल नाही, डिप्लोमाचे ६५ टक्के बघतात. शेवटच्या सेमिस्टरला तेवढं सांभाळायला सांगा.

दाखल्यासाठी मार्चपर्यंत थांबू नका. जूनमध्ये ॲडमिशनवाले सगळे एकदम येतात आणि रांग जिन्यापर्यंत जाते. याच आठवड्यात जनसेवा केंद्रात जा, सकाळी लवकर, आणि लाइट बिलाच्या दोन झेरॉक्स न्या, एक ते ठेवून घेतात.

---

नवी सभासद

लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर आहे, चालेल?